उसनें विरजण

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या रस्त्यावर विश्रांतवाडी लागते. नांवांत विश्रांति असली, तरी सकाळीं आठच्या सुमारास तेथील चौकांत उभें राहणाऱ्यास तिचा मागमूसहि लागत नाहीं. खडकीच्या कारखान्यांकडे निघालेले कामगार, विमाननगरच्या कचेऱ्यांत जाणारे तरुण, एका हातांत डबा आणि दुसऱ्या हातांत छत्री सांवरीत बस गाठूं पाहणाऱ्या परिचारिका, असा एकच लोंढा वाहत असतो. त्यांतील बहुतेकांच्या चेहऱ्यावर उत्साह नसतो, तसें दुःखहि नसतें. असते ती केवळ रोजच्या कामाची संवय. या संवयीला जाग आणण्याचें काम अलीकडे पुष्कळ ठिकाणीं चित्रपटाकडे सोंपविण्यांत आलें आहे.

आमच्या शेजारच्या गृहस्थांचा मुलगा अशाच एका कचेरींत नोकरीला आहे. एके शनिवारीं तेथें सर्वांना एकत्र बसवून 'चक दे इंडिया' हा २००७ सालचा चित्रपट दाखविण्यांत आला. बदनाम होऊन मैदानाबाहेर पडलेला हॉकीचा एक खेळाडू मुलींच्या विस्कळित संघाला एकजीव करून जगज्जेता बनवितो, अशी त्याची कथा आहे. मुलगा घरीं आला तो पेटूनच. चार दिवस पहांटे उठला. मागें पडलेलीं कामें त्यानें हातावेगळीं केलीं. पांचव्या दिवशीं तो पूर्ववत् झाला. पुढें वरिष्ठांनीं रविवारींहि कामावर येण्यास सांगितलें. त्याबद्दल वेतन नाहीं, बदली सुटी नाहीं. कोणी कुरकुर केली, तेव्हां "संघासाठीं एवढें करणार नाहीं काय?" असा त्या चित्रपटांतलाच भाव त्यांनीं ऐकविला. त्या संध्याकाळीं मुलगा मला म्हणाला, "काका, तो चित्रपट खोटा होता, कीं मीच खोटा?"

प्रश्न साधा आहे, पण त्याला चटकन् उत्तर देतां येत नाहीं. स्मशानांत जें वैराग्य येतें तें घरीं परतेपर्यंतहि टिकत नाहीं. म्हणून मृत्यूला कोणी खोटा म्हणत नाहीं. चित्रगृहांतील उत्साह हा त्या स्मशानवैराग्याचा धाकटा भाऊ होय. तो टिकला नाहीं, एवढ्यावरून त्याला जागविणारी वस्तु खोटी ठरत नाहीं. पूर्वीं हेंच काम कीर्तन करीत असे. हरिश्चंद्राची कथा ऐकून ज्यांचे डोळे पाणावले, त्या सर्वांनीं दुसऱ्या दिवशीं तराजूची दांडी सरळच धरली असेल असें नाहीं. परंतु माप मारतांना एखाद्याचा हात क्षणभर अडखळला असेल, तर कीर्तनकाराचे श्रम वायां गेले असें म्हणतां येणार नाहीं.

मग उत्साह विरतो कां? याचें उत्तर आपल्या चित्रपटाच्या जन्मकथेंतच आहे. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेस जाऊन ही कला शिकून आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं प्रथम एक अगदीं लहान चित्रपट तयार केला. त्यांत ना राजा होता, ना राणी. मातींत रुजलेला वाटाण्याचा दाणा अंकुरतो आणि त्याचा वेल होतो, एवढेंच होतें. त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून त्यांनीं ती सलग दाखविली. पाहणाऱ्यांपुढें वेल बघतां बघतां वाढला. फाळक्यांपुढें मात्र तो एकेका दिवसानें वाढला. त्यांतील कितीतरी दिवस असे गेले असतील, कीं कालच्याहून आज कांहीं निराळें दिसलेंच नसेल. पडद्याची सारी जादू दिवस गाळण्यांत आहे, आणि कामाचें सारें सत्त्व त्या गाळलेल्या दिवसांत आहे.

३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. त्याच्यामागें सरस्वतीबाई फाळके यांचे श्रम होते. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनीं सांभाळला, आणि अंधारांत बसून फिल्मच्या पट्टीला भोकेंहि त्यांनीं पाडलीं. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या २००९ सालच्या चित्रपटानें या कुटुंबाची धडपड हंसतखेळत उभी केली. तो पाहून मन उल्हसित होतें. पण एकामागून एक भोंक पाडतांना सरस्वतीबाईंच्या मनांत कोणता उल्हास होता, हें कोणताहि चित्रपट दाखवूं शकणार नाहीं. बहुधा उल्हास नसेलच. ते भोंक नीट पडलें पाहिजे, एवढीच काळजी असेल. आणि ती काळजी हीच कामावरील खरी निष्ठा.

चित्रपटापासून मिळणारी स्फूर्ति ही शेजारच्या घरून आणलेल्या विरजणासारखी असते. विरजण उसनें चालतें. दूध मात्र स्वतःचें लागतें, आणि भांडें रात्रभर न हलवितां झांकून ठेवावें लागतें. नुसतें विरजण चाखून दह्याची वाट पाहणाऱ्याच्या हातीं दुसऱ्या दिवशीं रिकामी वाटीच राहणार. आमच्या तरुण मित्राचें पांचव्या दिवशीं असेंच झालें.

पण त्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग याहून गंभीर आहे. तो त्या रविवारचा. विश्रांतवाडीहून येरवड्याकडे जातांना तुरुंगाचा परिसर लागतो, आणि मला हटकून व्ही. शांताराम यांचा 'दो आंखें बारह हाथ' आठवतो. हा १९५७ सालचा बोलपट हिंदी असला, तरी त्याचे लेखक आपले ग. दि. माडगूळकर, आणि त्याची मूळ कल्पना औंध संस्थानांतील स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगावरून घेतलेली. खुनाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना बेड्यांशिवाय एका ओसाड माळावर नेऊन तुरुंगाधिकारी आदिनाथ त्यांच्याकडून शेती पिकवून घेतो. कोणावरहि हात उगारावयाचा नाहीं, असें वचन तो त्यांच्यापासून घेतो. ते भाजी विकावयास बाजारांत जातात, मार खातात, पण वचन मोडीत नाहींत.

हें ते कां करतात? आदिनाथाच्या उपदेशामुळें नव्हे. तो त्यांच्याबरोबर त्याच माळावर राहतो, आपली नोकरी आणि लौकिक त्यांच्या भरंवशावर पणास लावतो, आणि शेवटीं त्याच शेतासाठीं प्राण देतो. त्यागाचें मागणें करण्याचा अधिकार त्यानें असा मिळविला होता. ज्यानें रविवारीं कामावर बोलाविलें तो स्वतः त्या रविवारीं तेथें होता काय, आणि त्या कामाच्या लाभांत इतरांचा वांटा होता काय, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून संघाच्या नांवानें केलेली कोणतीहि मागणी नीतीच्या कसोटीस उतरत नाहीं. चमचाभर विरजण देऊन गाडगेंभर दह्यावर हक्क सांगणाऱ्यास आपण दाता म्हणत नाहीं.

म्हणून त्या मुलाला मीं सांगितलें, "चित्रपट खोटा नव्हता, आणि तूंहि खोटा नाहींस. पहांटे उठून जें काम केलेंस तें तुझें होतें. तें पुन्हां कर, पण पडदा विसरून कर. आणि रविवारीं यावें लागेल असें पुन्हां कोणी म्हटलें, तर त्या रविवारचा हिशेब नम्रपणें विचार. हिशेब विचारल्यानें निष्ठा उणी होत नाहीं."

त्यानें हिशेब विचारला कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं, आणि मींहि खोदून विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो नेहमीप्रमाणें चौकांत बसची वाट पाहत उभा होता. चेहऱ्यावर तेज वगैरे कांहीं नव्हतें. मला पाहून त्यानें मान हलविली, आणि बस येतांच तो गर्दींत शिरला.