पाटाच्या टोकाची बांधी

मराठी वर्ष चैत्रात सुरू होते हे खरे. पण गोंदियाच्या बाजारपेठेत जुन्या वळणाचा व्यापारी नवी वही पुजतो ती दिवाळीत. शेतकऱ्याचा हिशेबही याच सुमारास लागू लागतो. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांध्यांत उभा असतो, आणि वर्ष कसे गेले हे घरोघरी कळून चुकलेले असते. पुढल्या वर्षाचा विचार करायला आमच्या झाडीपट्टीत याहून सोयीचा मुहूर्त नाही.

संकल्प मात्र आपण बहुधा मिळवण्याचेच करतो. घर बांधीन, मुलीला शिकवीन, कर्ज फेडीन. यात गैर काहीच नाही. पण त्यातले किती साधेल हे पाऊस, बाजार आणि प्रकृती यांच्यावर अवलंबून. आपल्या हाती राहते ते एवढेच, की हे सारे मिळवताना काय सोडायचे नाही. त्यालाच आपण मूल्य म्हणतो. शब्द मोठा प्रामाणिक आहे, कारण मूल्य म्हणजे किंमतही. जिच्यासाठी पदरचे काही मोजायची तयारी नाही, ती गोष्ट आपले मूल्य कशी म्हणावी?

हे समजून घ्यायला आमच्या जिल्ह्यातले तलाव उपयोगी पडतात. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे परंपरा सांगते. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या भागात अशी पुष्कळ तळी उभारली. उताराचे पाणी मातीच्या पाळीने अडवायचे, जास्तीचे सांडव्यावरून जाऊ द्यायचे, आणि साठलेले पाटाने धानापर्यंत पोचवायचे. पाऊस किती पडावा हे बांधणाऱ्याच्या हाती नव्हते. पाळ त्याच्या हाती होती.

तलाव तुडुंब असतो तेव्हा सारे गाव उदार असते. परीक्षा होते ती धान पोटरीत यावा आणि पावसाने दडी मारावी तेव्हा. पाटाच्या तोंडाशी ज्याची बांधी, त्याला पाणी आधी मिळते. टोकाला असतो तो वाट पाहतो. तोंडावरच्याने रात्री दोन तास पाणी जास्त घेतले तर कोण पाहणार? शिवाय तो विचारील, “माझ्या लेकरांचे पोट भरणे हे मूल्य नव्हे काय?”

हा प्रश्न खोटा नाही. माणसाला पेच पडतो तो बहुधा दोन चांगल्या गोष्टींतच पडतो. मला वाटते, आधी घर हे मान्य करावे. पण ‘आधी’ म्हणजे ‘सगळे’ असे समजू नये. आपली पाळी संपली की पाणी पुढे सोडलेच पाहिजे. आणि हे त्या रात्री ठरवता येत नाही. भेगाळलेल्या बांधीकडे पाहत माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवून देऊ शकतो. पाण्याच्या पाळ्या तलाव भरलेला असतानाच ठरवाव्या लागतात.

ठरवून भागत नाही, राखावेही लागते. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. पुढे ज्यांची निगा राहिली नाही, ते गाळाने भरत गेले. नाव तेच, पाळही दुरून तशीच दिसते. पाणी मात्र पूर्वीइतके मावत नाही. वाडवडिलांच्या सचोटीचेही असेच होते. घराण्याचे नाव सांगत राहावे आणि आत सोयीसोयीचा गाळ साचू द्यावा, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडते.

म्हणून पाडव्याला संकल्पांची लांब यादी नको. घरातल्यांनी एकत्र बसून एकच ठरवावे : येणारे वर्ष वाईट गेले, तरी आपल्या घरून कोणाचे पाणी तुटणार नाही? मजुराची मजुरी, म्हाताऱ्या मावशीचे औषध, शेजाऱ्याला दिलेला शब्द, काहीही असो. मुलांच्या देखत ठरवावे, म्हणजे पुढे विसरणे कठीण जाते. आज कोठीत नवा धान आहे आणि मनही भरलेले आहे. टोकाच्या बांधीची पाळी ठरवायला हीच वेळ बरी.