अर्जाची तारीख

भाचा न्यू जर्सीत, एडिसनला असतो. परवा रात्री फोनवर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला, "मामा, कोर्टानं पोटगी कमी केली. पण सप्टेंबरपासून. मागचं सगळं डोक्यावर तसंच आहे."

नोकरी गेली जानेवारीत. सात वर्षांची मुलगी आईजवळ असते. तिच्यासाठी ठरलेली रक्कम पगारातून परस्पर कापली जायची, तिकडे बहुतेकांची तशीच जाते. त्यामुळे ती त्यानं स्वतःच्या हातानं कधी भरलीच नव्हती. पगार बंद झाला. मग बेकारी भत्त्यातून काही महिने थोडंफार कापलं गेलं, पुढे तेही संपलं. कापणं थांबलं म्हणजे देणंही थांबलं, असं त्याच्या मनानं धरलं. मुलीच्या आईला व्हॉट्सॲपवर 'दुसरी नोकरी लागली की बघतो' एवढं कळवलं. अर्ज केला तो सप्टेंबरात. तोवर सात हजार डॉलरच्या वर थकले होते.

जानेवारीपासून रक्कम कमी करा, ही त्याची मागणी मान्य होणं शक्यच नव्हतं. आड आली ती अमेरिकेत १९८६ साली झालेल्या कायद्यातली एक तरतूद, तिला 'ब्रॅडली दुरुस्ती' म्हणतात. ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते बिल ब्रॅडली तेव्हा न्यू जर्सीचेच सिनेटर होते, एके काळचे नावाजलेले बास्केटबॉलपटू. मुलाच्या पोटगीचा हप्ता ज्या दिवशी देय होतो, त्याच दिवशी तो कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का होतो. न्यायाधीशांना मागं जायचंच झालं, तर अर्जाची सूचना दिली गेली त्या दिवसापर्यंतच जाता येतं. हा कायदा होण्याआधी चाले ते असं: बाप दुसऱ्या राज्यात निघून जायचा, वर्षांनी सापडायचा, आणि तिथले न्यायाधीश थकलेली रक्कम घटवून द्यायचे. तोवर मूल मोठं झालेलं असायचं.

भाचा माझा आहे, तरी हा कायदा मला चुकीचा वाटत नाही. त्या महिन्यांत त्या पोरीचा थंडीचा कोट आखूड झालाच असेल. शाळा सुटल्यावर ती ज्या पाळणाघरात थांबते, त्याचे पैसे कोणीतरी भरलेच. आपल्या 'पोटगी' शब्दात पोट आहे, आणि बापाची नोकरी गेली म्हणून ते थांबत नाही.

मला लागलं ते दुसरंच. नोकरी गेल्याचं त्यानं ताईलाही, स्वतःच्या आईलाही, गेल्या आठवड्यापर्यंत सांगितलं नव्हतं. जो आईला सांगू शकत नाही, तो कोर्टात लेखी काय देणार? आणि हे लपवणं तो शिकला कुठे? माझी कंपनी बंद पडली तेव्हा मी तीन महिने डबा घेऊन घरातून बाहेर पडत होतो. हा तेव्हा दहा वर्षांचा, सुट्टीला आमच्याकडेच होता. सगळं कळायचं त्याला. एकदा आम्ही संभाजी बागेत समोरासमोर आलो. मी त्याला म्हटलं, "मामीला बोलू नकोस."

आपल्याकडेही नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ नुसार परिस्थिती बदलली की पोटगीची रक्कम बदलून मागता येते. पण मागावी लागते. पगारातली कपात थांबल्याचं तिकडच्या यंत्रणेला तर लगेच दिसतं. त्याच आठवड्यात त्या माणसाच्या घरी साध्या भाषेतलं एक पत्र जायला हवं: तुमचं देणं चालू आहे, कमी हवं असेल तर आजच अर्ज करा. नोकरी गेलेला माणूस आधी घरच्यांपासून तोंड लपवतो, कायदा वाचायला बसत नाही.

काल त्याचा पुन्हा फोन आला. कमी झालेला हप्ता आणि थकलेल्यातले शंभर डॉलर त्यानं भरले होते. पहिल्यांदाच, स्वतःच्या हातानं.