खिळ्यावरचे आरसे

एका गावाच्या फाट्यावर एका मिस्त्रीचं दुकान होतं. हाताला सफाई होती, बोलणं कमी. गावातली अकरावी-बारावीची पोरं तालुक्याच्या कॉलेजला मोटारसायकलीवरून जायची. कॉलेज बाराला सुटायचं आणि गावाकडची एसटी तीनला लागायची.

गाडी हातात आली की पोर आधी मिस्त्रीकडे यायचं. "काका, आरसे काढा. गाडी म्हाताऱ्याची वाटते."

मिस्त्री पाना लावायचा, दोन्ही आरसे काढायचा, वीस रुपये घ्यायचा. आरसे कुणी परत नेत नसे. ते मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असायचे. वर्षभरात अकरा जोड्या झाल्या.

त्यातली एक जोडी सोळा वर्षांच्या एका पोराची. गाडी वडिलांची, गिअरची. १८ पूर्ण झाल्याशिवाय ती चालवता येत नाही, हे वडिलांना ठाऊक होतं. २०१९ पासून कायदा कडक झालाय, पोराच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही त्यांनी पारावर ऐकलं होतं. पण एसटीची वाट बघत पोर तीन तास उपाशी बसतं, याचं आईबापाला वाईट वाटायचं. "तालुका काय, हाकेच्या अंतरावर आहे," म्हणत त्यांनी किल्ली दिली. आईनं हट्टानं हेल्मेट तेवढं घालायला लावलं.

एका दुपारी पोर घरी येत होतं. फाट्यावर उजवीकडे वळलं. मागून टेम्पो येत होता. टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक दाबला, तरी धडक बसलीच. हेल्मेटला तडा गेला, डोकं वाचलं. मांडीचं हाड मात्र मोडलं.

मिस्त्री दवाखान्यात भेटायला गेला. कुणी त्याला बोल लावला नाही. पोर एवढंच म्हणालं, "काका, टेम्पो दिसलाच नाही हो."

त्या रात्री मिस्त्रीनं दुकान लवकर बंद केलं नाही. कंदिलाएवढ्या उजेडात तो भिंतीसमोर बसून राहिला. बावीस आरशांत बावीस वेळा त्याचाच चेहरा दिसत होता.

सकाळपासून त्यानं एकेका पोराला बोलावून आरसे परत बसवायला घेतले. पैसे घेतले नाहीत. रविवारी पोरांना आणि त्यांच्या वडिलांना शाळेच्या मैदानावर बोलावलं. कबड्डीला आखतात तशी फक्कीची एक रेघ मारली आणि स्वतः गाडीवर बसला. वीसच्या वेगानं आला, रेघेवर ब्रेक दाबला. पोरांनी पावलं मोजली. पाच भरली.

"आता चाळीसनं येतो. किती भरतील?"

"दहा," सगळे म्हणाले.

वीस भरली. पोरांनी पुन्हा मोजून पाहिली, वीसच.

"आणि साठनं?" एकानं हळूच विचारलं.

"पंचेचाळीसच्या आसपास. ते करून दाखवायला हे मैदान पुरायचं नाही," मिस्त्री म्हणाला. "आणि ही मोजणी ब्रेक दाबल्यानंतरची. समोर काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत गाडी पळतच असते."

वडीलमंडळी गप्प होती. त्याच आठवड्यात सहा-सात जण एसटीच्या आगारात अर्ज घेऊन गेले. चार खेपा झाल्या, पण साडेबाराची गाडी सुरू झाली. त्यानंतर बऱ्याच घरांत मोटारसायकलीची किल्ली बापाच्या खिशात राहू लागली.

पोरांच्या वेडाला आपण सहज नावं ठेवतो. पण किल्ली पोराच्या हातात आपोआप येत नाही आणि आरसाही आपोआप निघत नाही. कुणीतरी मोठं माणूस मायेपोटी किंवा वीस रुपयांपोटी हो म्हणालेलं असतं. त्या मिस्त्रीला आपलं हो आठवलं, म्हणून गावाला आपापलं आठवलं.

दीड-दोन वर्षं गेली. एके दिवशी तेच पोर जरा लंगडत दुकानात आलं. अठरा पूर्ण झाली होती. शिकाऊ परवाना काढून महिना उलटला होता, चाचणी देऊन पक्का परवानाही झाला होता.

"काका, माझे आरसे आहेत का अजून?"

भिंतीवर आता तेवढीच एक जोडी उरली होती. मिस्त्रीनं ती फडक्यानं पुसली, गाडीला बसवली आणि पोराला सीटवर बसवून कोन नीट करून दिला. पोरानं गाडी चालू केली. आरशात बघितलं. लांबून एक टेम्पो येत होता.

तो निघून जाईपर्यंत पोरानं जमिनीवरचा पाय उचलला नाही.