पाठवलासच कशाला?

मुलीचा खासगी फोटो कुणी पसरवला, किंवा पसरवीन म्हणून धमकावलं, की आपल्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पण तू तो पाठवलासच कशाला?" धमकावणारा कोण, किती पैसे मागतोय, कधीपासून छळतोय, हे सगळं मागाहून. पुष्कळदा ते विचारायचं राहूनच जातं.

कायद्याने या प्रश्नाचा निकाल 2013 सालीच लावला आहे. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या अत्याचारानंतर न्या. वर्मा समिती नेमली गेली. तिच्या अहवालापाठोपाठ दंड संहितेत 354-सी हे कलम आलं. आता ते भारतीय न्याय संहितेचं 77 वं कलम आहे. स्त्रीला तिच्या खासगी क्षणी चोरून पाहणं, टिपणं, ते चित्र पसरवणं हा त्यात गुन्हा. त्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे, आणि मला ते कलमाइतकंच मोलाचं वाटतं. चित्र टिपायला तिची संमती होती, पण तिसऱ्याला दाखवायला नव्हती, तरी ते पसरवणारा गुन्हेगारच. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा तेच केलं तर तीन ते सात. तिने विश्वास का टाकला, याची उलटतपासणी कायदा करत नाही. ती आपण करतो, स्वयंपाकघरात, दार लावून.

आता तर काही पाठवायचीही गरज उरलेली नाही. मावसबहिणीच्या हळदीत काढलेला, पदर खोचून हसणारा एक फोटो पुरतो. बाकीचं अंग संगणक जोडून देतो. अशा मुलीला काय विचारणार, हळदीला गेलीसच कशाला?

प्रश्नामागोमाग येतो घरगुती बंदोबस्त. मोबाईल काढून घ्यायचा, सगळं पुसून टाकायचं, क्लास बंद. यात शिक्षा होते ती मुलीला, आणि पुरावा नष्ट होतो तो धमकावणाऱ्याच्या विरुद्धचा. त्याचा धंदा याच भरवशावर चालतो. फोटोपेक्षा त्याला तिच्या घरची जास्त खात्री असते. खरं तर आधी त्याचे मेसेज, खात्याचा दुवा, नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट जपून ठेवायला हवेत. ब्लॉक नंतर करता येतं.

कायद्यातही फटी आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाहून खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही, आणि लहान ठाण्यांतून "सायबरला जा" हे उत्तर तयार असतं. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी तक्रार नोंदवून घेणं जुलै 2024 पासून कायद्यातच आलं आहे, हे तिथे ठणकावून सांगावं लागतं. दुसरी फट मला जास्त बोचते. बलात्कारपीडितेचं नाव छापणं गुन्हा आहे. पण ते संरक्षण देणाऱ्या 72 व्या कलमाच्या यादीत 77 वं कलम नाही. जिची सारी भीती ओळख उघड होण्याची, तिच्याच ओळखीचा तिथे विसर पडला.

काही सोयी मात्र खरोखर कामाच्या आहेत. केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते. 'स्टॉप एनसीआयआय' नावाच्या सेवेत फोटो कुणाला दाखवावा लागत नाही. तो फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा आकडी ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या चित्र अडवतात. आणि 2021 च्या नियमांनी समाजमाध्यमांना बजावलं की नग्न किंवा मॉर्फ केलेल्या चित्राची तक्रार आल्यापासून 24 तासांत ते हटवण्यासाठी पावलं उचलायची; 2026 मध्ये ही मुदत दोन तासांवर आणली गेली. ती तक्रार मुलीनेच करायला हवी असंही नाही. तिच्या वतीने मैत्रीण करू शकते, भाऊ करू शकतो. वडीलही करू शकतात.