हत्यार आणि औजार

मराठीत ‘हत्यार’ हा मजेशीर शब्द आहे. सुताराचा रंधा, पटाशी हीसुद्धा हत्यारे आणि खुनात सापडलेला सुरा हेसुद्धा हत्यारच. उर्दूत असे चालत नाही. तिथे कारागिराच्या हातात ‘औजार’ असते आणि सिपाह्याच्या हातात ‘हथियार’; दोन्हींची सरमिसळ केली तर चौथीतला मुलगाही हसेल. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, म्हणून अशा जागी माझे मन अडते. मराठीने हे दोन अर्थ एकाच शब्दात का ठेवले असतील ते भाषेचे जाणकार सांगोत. मला त्यात नीतीचा एक प्रश्न दिसतो. एखादी वस्तू माणसे मारण्यासाठीच घडवली गेली आणि पुढे कुणी ती फक्त कागदावर नेम धरण्यासाठी वापरली, तर हथियाराचे औजार झाले, असे म्हणता येईल का?

हा प्रश्न हवेतला नाही. अमेरिकेत, टेक्सासमध्ये राहणाऱ्या माझ्या मामेभावाने एक जुनी लष्करी रायफल विकत घेतली आहे. तिकडे अशा रायफलींचा मोठा बाजार आहे. एखाद्या देशाच्या सैन्याने नवे शस्त्र घेतले की जुनी शस्त्रे कोठारात पडून राहतात आणि मग घाऊक विकली जातात. रशियाची मोसिन-नागां ही मूळची १८९१ सालची रायफल. सोव्हिएत संघ मोडल्यावर ती पेट्या भरभरून अमेरिकेत गेली. २००० नंतरच्या काही वर्षांत तिची किंमत शंभर डॉलरच्या आसपास होती. तिच्यावर चिकट ग्रीसचा जाड थर असतो. तो उतरवणे हा शौकिनांचा आवडता उद्योग. जुन्या लष्करी काडतुसांचा धूर नळीत एक प्रकारचे मीठ सोडतो. गोळीबार झाल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल दिले नाही तर काही दिवसांत गंज धरतो. भाऊ हे सगळे इतक्या प्रेमाने सांगतो, की एखादी सुगरण लोणच्याची कृती सांगते आहे असे वाटावे.

त्याने घेतलेली रायफल मात्र रशियाची नाही. ती आपल्या इशापूरची आहे. बंगालमधल्या या सरकारी कारखान्यात इंग्रजांच्या काळापासून ली-एनफिल्ड जातीच्या रायफली बनत आल्या. गोळी झाडली की हाताने बोल्ट मागे ओढायचा, रिकामे काडतूस बाहेर पडते, बोल्ट पुढे ढकलला की नवे काडतूस आत. १९६२च्या चीन युद्धानंतर, नव्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी याच रचनेची अधिक मजबूत पोलादाची रायफल इशापूरने बनवली. तिचे नाव २ए आणि पुढे २ए१. यांतल्या पुष्कळ रायफली नंतर अमेरिकेच्या बाजारात गेल्या. आपल्या कायद्यात ही लष्करी बोअर साध्या नागरिकासाठी प्रतिबंधित आहे. म्हणजे आपल्या देशात जी त्याला हातात धरता आली नसती, तीच रायफल परदेशात त्याला दुकानात मिळाली.

“आपा, लोखंडावर कारखान्याचा शिक्का आहे आणि खाली १९६७ साल. इतक्या लांब आपल्याकडची एक चीज भेटली,” तो फोनवर म्हणाला. मी म्हटले, “भेटायला दुसरं काही नव्हतं?” तो हसला आणि लगेच नियतवर आला. “मी कागदावर नेम धरतो. कुणाला मारत नाही. कामाचा हिशेब नियतवर होतो, हे तूच शिकवतेस ना?”

शिकवते. पण नियत करणाऱ्याची असते. तशी घडवणाऱ्याचीही असते, आणि ती वस्तूत कोरलेली राहते. त्याच्याच रायफलीचे पाहा. २एवर नेम धरायची जी पट्टी होती तिच्यावर २००० मीटरपर्यंतचे आकडे होते. दोन किलोमीटरवर कुठला कागद दिसणार? ते अंतर माणसांच्या जमावावर एकदम गोळ्या टाकण्याचे आहे. २ए१वर ही पट्टी ८०० मीटरची झाली, कारण लढाईची कल्पना बदलली. नळीच्या तोंडाशी संगीन बसवायची सोय आहे. भाजी चिरायची सुरी कुणाच्या पोटात गेली तर ती तिच्या कामाबाहेर गेली असे आपण म्हणतो. रायफलीने कागद फाडला तर खरे पाहता तीच तिच्या कामाबाहेर गेली.

अमेरिकेला हा प्रश्न एकदा फार महागात पडला आहे. १९६३च्या मार्चमध्ये एका माणसाने खोट्या नावाने टपालाने एक जुनी इटालियन लष्करी रायफल मागवली. १९४०ची कार्कानो, हीसुद्धा बोल्टचीच. दुर्बिणीसह किंमत १९ डॉलर ९५ सेंट. युद्धात हरलेल्या सैन्याचे भंगार म्हणून ती इतकी स्वस्त होती. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये तिच्याच गोळ्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडी गेले. पुढे १९६८च्या कायद्याने टपालाने बंदुका मागवणे आणि परदेशी लष्करी रायफली आणणे बंद झाले. १९८४ साली जुन्या, संग्राह्य शस्त्रांपुरती ही बंदी सैल करण्यात आली. आज पन्नास वर्षांहून जुनी रायफल तिथल्या कायद्याच्या नजरेत ‘संग्राह्य वस्तू’ असते आणि संग्राहकाला वेगळा परवाना मिळतो. पन्नास वर्षांत लोखंड निवते, असा काहीसा यामागचा समज दिसतो. कार्कानो तेव्हा तेवीस वर्षांची होती. पन्नास वर्षांची असती तर गोळी अडली असती का?

भाऊ यावर म्हणतो की तशाच हजारो रायफलींनी कुणाला ओरखडाही काढला नाही. हे खरे आहे, आणि मी ते नाकारत नाही. नेमबाजीचा आनंदही मी नाकारत नाही. श्वास रोखायचा, चाप हलकेच दाबायचा, मन एका बिंदूवर आणायचे, यात तालीम आहे, शिस्त आहे. माझी तक्रार त्याच्या दुसऱ्या वाक्यावर आहे. तो म्हणतो, “मी इतिहास जपतो.”

कुठला इतिहास? बंदुकीला दोन टोके असतात. संग्राहकाला दस्त्याकडचा इतिहास मिळतो: कारखाना, साल, क्रमांक, लाकडाची जात. नळीच्या तोंडाकडचा इतिहास रायफलीवर लिहिलेला नसतो. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत पन्नास शिपायांनी ली-एनफिल्डमधून १६५० गोळ्या झाडल्या. झाडणारे हिंदुस्थानी फौजेतले होते. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. हे गोळ्यांचे गणित काडतुसांच्या हिशेबातून निघाले. काडतुसे मोजून परत करावी लागतात, माणसे नाही. मुंबईत १९९२-९३च्या दंगलींत जी नऊशे माणसे मेली, त्यांतली ३५६ पोलिसांच्या गोळीबारात, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. बंदोबस्ताच्या शिपायाच्या खांद्यावर तेव्हा थ्री-नॉट-थ्री असे. ज्या वस्त्यांत हे घडले तिथल्या लोकांना तिची रचना माहीत नव्हती, पण आवाज ओळखता येत होता.

पण एवढेच सांगून थांबणे बेइमानी होईल. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकात एके-४७च्या समोर काही पोलीस हीच जुनी रायफल घेऊन उभे राहिले. त्या रात्री दस्त्याकडे उभे असलेले आपल्या सगळ्यांसाठी उभे होते. रायफल तीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला, तेव्हा कुणी तिला सलाम केला असेल, कुणी सुस्कारा सोडला असेल.

हे सगळे मी भावाला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “आपा, आपण कायम नळीसमोरच उभं राहायचं, असं कुठं लिहिलंय? एकदा तरी या बाजूनं पाहू दे की.”

या वाक्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. त्यात गर्व नाही, एक जुना सल आहे. परक्या मुलखात, शेजारी उभे असलेले अनोळखी गोरे म्हातारे त्याला बोल्ट कसा ओढायचा ते दाखवतात, त्याच्या नावावरून कुणी दचकत नाही. त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. तरी मला वाटते, भीती गेल्याचा आनंद आणि दस्ता हाती आल्याचा आनंद एक नव्हेत. पहिल्याचा त्याला पुरता हक्क आहे. दुसरा फार लवकर अंगवळणी पडतो.

रायफल विक, असे मी त्याला म्हटलेले नाही. एवढेच म्हटले की त्याची सहा वर्षांची मुलगी एक दिवस कुलूपबंद कपाटाकडे बोट दाखवून “अब्बू, हे कशासाठी असतं?” असे विचारेल, तेव्हा तिला १९६७ साल आणि लाकडाची जात सांगून भागवू नकोस. तो म्हणाला, तिने विचारले आहे. त्याने काय सांगितले ते मात्र त्याने अजून मला सांगितलेले नाही.