छपरावरचे ऊन कोणाचे?

इंदूरच्या छत्रीबागेत होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या दगडी छत्र्या उभ्या आहेत. छत्रीचा धर्म ऊन अडविण्याचा. आज या शहरातील अनेक गच्च्यांवर निराळ्याच जातीची छत्री दिसते. तीही ऊन अडविते, परंतु त्याची वीज करून घरात उतरविते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना जाहीर केली आणि तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. अशा संचास सुमारे ३०० चौरस फूट मोकळी जागा पुरते आणि निरभ्र दिवशी त्यातून बारा युनिटांच्या आसपास वीज मिळते. हिशेब सरळ आहे. परंतु या हिशेबाच्या मागे एक प्रश्न उभा आहे आणि तो केवळ पैशाचा नाही. माझ्या छपरावर पडलेले ऊन माझे आहे काय?

वाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते, आणि निम्मा झाला की एक अष्टमांश उरते. दाट वस्तीत वारा अडतो, घोटाळतो. म्हणून पवनचक्क्या देवासजवळच्या जामगोदराणीच्या टेकड्यांवर शोभतात, गल्लीतल्या गच्चीवर त्यांचे फारसे काही चालत नाही. ऊन मात्र महालावर आणि खोपटावर सारखेच पडते. म्हणूनच त्याच्या मालकीचा विचार करणे प्राप्त आहे.

कायद्याकडे पाहावे, तर उत्तर अर्धेच मिळते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखाद्या इमारतीत वीस वर्षे अखंडपणे आणि हक्काने उजेड येत असेल, तर तो येत राहावा असा हक्क घरमालकास प्राप्त होतो. मोकळ्या जमिनीवरील उजेडाचा असा वहिवाटीचा हक्क मात्र त्याच कायद्याने स्पष्टपणे नाकारला आहे. गच्चीवर मांडलेल्या सौर पॅनेलचा विचार त्या काळच्या कायदेकारांच्या मनात असणे शक्यच नव्हते. उद्या शेजाऱ्याने आपल्या जागेत रीतसर परवानगीने आणखी एक मजला चढविला आणि त्याची सावली आपल्या पॅनेलांवर पडली, तर न्यायालयाच्या दारी उभे राहणाऱ्यास वाट बिकट आहे. यातून एक बोध घ्यावा. उन्हाला सातबारा नाही. ते आपल्या छपरापर्यंत पोहोचते, त्यात शेजाऱ्याच्या संयमाचाही वाटा असतो.

यावर कोणी म्हणेल, "ऊन देवाचे असेल, पण पॅनेल माझ्या पैशाचे आहे, मग त्याची वीज माझी का नव्हे?" हा युक्तिवाद वजनदार आहे, पण पुरा नाही. पहिली गोष्ट, त्या ७८,००० रुपयांत सर्वांच्या कराचा पैसा आहे. ज्याला स्वतःचे छप्पर नाही अशा भाडेकरूचाही आहे. दुसरी गोष्ट रात्रीची. नेट मीटरच्या पद्धतीत दिवसा आपण तारेत सोडलेली वीज रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते. कागदावर देणे शून्य होते, परंतु रात्रीचा दिवा कोठून तरी जळतोच. तो सिंगरौलीच्या कोळशावर जळतो. नर्मदेवरील इंदिरा सागर धरणाच्या पाण्यावर जळतो, ज्याच्यासाठी २००४ साली हरसूद हे नांदते गाव उठले. गोमंतकातील वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. तेथे बहुतेक वीज राज्याबाहेरून येते, आणि ती आणणाऱ्या वाहिनीसाठी मोले येथील अरण्य तोडण्याच्या प्रश्नावर २०२० पासून लोकांनी मोठा आवाज उठविला. म्हणजे बिलावर शून्याचा आकडा आला, तरी ऋण शून्य झाले असे नव्हे.

मग छपराच्या धन्याने करावे काय? होळकरांच्या राज्यव्यवस्थेत एक उद्‌बोधक भेद होता. राज्याचा महसूल तो दौलतीचा, आणि राजकुटुंबाचे स्वतःचे उत्पन्न ते खासगीचे. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा उभारल्या, त्या या खासगीतून. जे निर्विवादपणे स्वतःचे, तेच त्यांनी परक्या प्रांतातल्या अनोळखी यात्रेकरूंसाठी वेचले. मालकी नाकारण्याची त्यांना गरज पडली नाही. मालकीचा अर्थ मात्र त्यांनी बदलला. छपरावरची वीज ही आपली खासगी आहे असे मानावे, आणि तिचा विनियोगही याच रीतीने करावा.

याचे आचरण अवघड नाही. पाण्याचा पंप, इस्त्री, दळण ही कामे उन्हाच्या वेळी उरकावीत, म्हणजे रात्रीच्या कोळशावरचा भार तेवढा हलका होईल. भाडेकरूस त्या विजेचा वाजवी वाटा द्यावा. मजला चढविण्यापूर्वी शेजाऱ्याच्या गच्चीकडे एकदा पाहावे. देवस्थानांची छपरे तर विस्तीर्ण असतात. त्यांवरील विजेने महाप्रसादाच्या स्वयंपाकघराबरोबर परिसरातील गरीब मुलांची अभ्यासिकाही उजळावी. सार्वजनिक पातळीवर इंदूरने एक पाऊल टाकले आहे. नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरून शहरात चढवून आणण्यास लागणाऱ्या विजेसाठी जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प योजून महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे जनतेपुढे ठेवले. ज्यांना गच्ची नाही, त्यांच्याही नळाला या उन्हाचा उपयोग व्हावा अशी ही योजना आहे.

आपल्या मंदिरांत नंदादीपासाठी तेल देण्याची प्रथा जुनी आहे. तेल एकाच्या घरचे असते, उजेडात मात्र दर्शनास आलेला प्रत्येक जण उभा राहतो, आणि तेल देणाऱ्याने त्याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. गच्चीवरच्या विजेस हा न्याय लावावयास शास्त्राची आज्ञा लागत नाही, कायद्याचे कलमही लागत नाही. छपराच्या धन्याने तेवढे मनावर घेतले म्हणजे झाले.