जीव राखून लावावा काय?

आपल्या बोलण्यांत अलीकडे एक वाक्य रूढ झालें आहे: "मुलाला कांचेंत ठेवलें आहे." मुंबईहून गांवीं फोन येतो, सून बाळंत झाली असें समजतें, आणि आनंदाचा शब्द ओठांवर येण्यापूर्वींच हें वाक्य कानीं पडतें. मग कोणी पेढे वाटीत नाहीं. मुलगा कीं मुलगी हेंही कित्येकदां विचारायचें राहून जातें. "वांचेल ना?" एवढेंच लोक विचारतात. ज्यांच्या लेकी-सुना शहरांत नांदतात अशा आमच्या पुष्कळ वाचकांना हा अनुभव आला असेल. म्हणून त्यांतून उद्भवणारा एक प्रश्न आज त्यांजपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

बोरीवलीस राहणारें एक तरुण जोडपें आमच्या परिचयाचें आहे. नवरा मालाडच्या एका दुकानांत नोकरीस जातो, बायको घरीं शिवणकाम करते. गर्भाचे तीस आठवडे पुरे होतात न होतात तोंच ती प्रसूत झाली. मुलाचें वजन १,२०० ग्रॅम. जन्मतांच त्यास नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांत नेलें. एवढ्या लवकर आलेल्या मुलाचीं फुफ्फुसें पुरतीं तयार नसतात. अंगांत चरबी नसल्यामुळें ऊब टिकत नाहीं, म्हणून ती उबदार पेटी. चोखणें, गिळणें व श्वास घेणें हीं तीन कामें एकत्र साधण्यास मूल साधारण चौतीस आठवड्यांचें व्हावें लागतें. तोंवर दूध नळीनें पोटांत सोडतात. पायाला बांधलेल्या तारेवरून रक्तांतील प्राणवायूचें मान यंत्रावर उमटतें, आणि तें घसरलें कीं यंत्र ओरडूं लागतें. पायाच्या पट्टीवर मुलाचें नांव नसतें. आईचें नांव लिहून पुढें "बाळ" एवढेंच.

सासूबाई अहिल्यानगर जिल्ह्यांतील आपल्या खेड्याहून आल्या. चौथ्या दिवशीं त्यांनीं सुनेस एकीकडे नेऊन सांगितलें, "बाई, फार जीव लावूं नको. अजून तो आपला झाला नाहीं." सून हें आम्हांस सांगतांना रडली, पण सासूवर रागावून नव्हे. "माझ्याही मनांत तेंच होतें," असें ती म्हणाली, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. सिस्टरनें सांगूनही पेटीच्या झडपेंतून हात आंत घालण्यास ती धजत नसे. नवरा-बायकोनीं मुलासाठीं एक नांव आधींच ठरविलें होतें. तें उच्चारणेंही त्यांनीं सोडलें होतें.

जें मूल राहील कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, त्यावरची प्रीति कांहीं दिवस राखून ठेवणें हें शहाणपण आहे कीं अपराध?

शहाणपणाची बाजू हलकी नाहीं. पहिल्या सरीबरोबर सगळें बियाणें जमिनींत टाकणारा शेतकरी दुबार पेरणीच्या वेळीं रित्या हातानें बसतो, हें आपण जाणतों. ओल्या बाळंतिणीनें शरीर संभाळावें, घरांत दुसरीं लेंकरें असलीं तर त्यांच्याकडेही पाहावें, आणि दुःख आलेंच तर त्यानें तिला पुरतें मोडूं नये, असें वडील माणसांस वाटलें तर त्यांत निष्ठुरपणा कोठें आहे? परंतु बियाण्याचा दाखला येथें लागू पडत नाहीं. कणगींत राखलेलें बी दुसऱ्या पावसाला उपयोगीं पडतें. आज न केलेला स्पर्श उद्यां उपयोगीं पडत नाहीं. आणि "अजून आपला झाला नाहीं" ह्या शब्दांत एक मोठी चूक दडली आहे. जगलें तर मूल आपलें, हा व्यवहार झाला. मूल आपलें असतें तें त्याला आपली गरज आहे म्हणून, आणि ती गरज पहिल्या घटकेपासूनच असते. जें मूल नऊच दिवस जगेल त्याचे ते नऊ दिवस कांहीं प्रस्तावना नव्हेत. तेंच त्याचें सगळें आयुष्य आहे. तें आयुष्य त्यानें वाट पाहत उभ्या राहिलेल्या माणसांत घालवावें काय?

ध्यानांत घ्यावें कीं हीच चूक वैद्यकशास्त्रानेंही पुष्कळ वर्षें केली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबिया देशांतील बोगोटा शहरीं पेट्या अपुऱ्या पडूं लागल्या, तेव्हां डॉ. एडगर रेय ह्यांनीं लहान मुलें आईच्या उघड्या छातीशीं उभीं बांधून ठेवण्याची रीत सुरू केली. तीच आज कांगारू पद्धति म्हणून ओळखली जाते. पुढें ती देशोदेशीं पसरली, पण एका अटीवर: आधीं मूल स्थिर होऊं द्या, मग आईजवळ द्या. म्हणजे सासूबाईंचेंच मत, डॉक्टरांच्या भाषेंत! ही अट खरी आहे काय हें पाहण्यासाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया व भारत ह्या पांच देशांतील रुग्णालयांत एक मोठी पाहणी केली. आपल्या देशांतून दिल्लीचें सफदरजंग रुग्णालय तींत होतें. एक किलोपासून १.८ किलोच्या आंतल्या सुमारें ३,२०० मुलांपैकीं अर्ध्यांना, स्थिर होण्याची वाट न पाहतां, जन्मल्यापासूनच आईच्या किंवा तिच्या जागीं बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या छातीशीं ठेविलें. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वाट पाहिलेल्या मुलांत पहिल्या २८ दिवसांत शंभरांमागें १५.७ दगावलीं, वाट न पाहिलेल्यांत १२. फरक इतका स्पष्ट दिसूं लागला कीं उरलेल्या मुलांना ह्या लाभापासून दूर ठेवणें योग्य नव्हे म्हणून पाहणी मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आली.

परंतु हें सांगतांना आम्हांस भीतिही वाटते. कारण हेंच वाचून एकादी आई म्हणेल, "माझी माया कमी पडली म्हणून माझें लेंकरूं गेलें." तसें कोणीही समजूं नये. शंभरांतलीं तीं बारा मुलेंही छातीशींच होतीं. त्यांच्या आयांनीं कांहीं कमी केलें नव्हतें. प्रीति ही मृत्यूला द्यावयाची लांच नव्हे. तसेंच, दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, दूध काढावयाचें आणि तरी वाटीचा तळ झांकत नाहीं, अशा बाया पुष्कळ असतात. डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांनीं १९८९ सालीं शीवच्या महापालिका रुग्णालयांत आशिया खंडांतील पहिली मातृदुग्धपेढी काढली ती अशा मुलांसाठींच. दुसऱ्या आईचें दूध मुलानें प्यालें म्हणून पहिली आई कमी ठरत नाहीं. आणि रोजच्या हजेरीवर पोट असलेला बाप आठवड्यांतून एकदांच येऊं शकतो, त्याच्या फेऱ्या मोजणाऱ्यांनीं आधीं त्याच्या पगाराचा हिशेब पाहावा.

मग मूल गेलेंच तर? ९ जानेवारी २०२१ रोजीं मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात मुलांच्या विभागास आग लागली. १० मुलें मेलीं, ७ बाहेर काढतां आलीं. त्या दहा घरांच्या वतीनें बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आमच्या ओळखींतल्या ज्या बायांचीं अशीं मुलें गेलीं त्यांच्यापुरतें मात्र सांगूं शकतों: "उगाच जवळ घेतलें" असें त्यांच्यांतली एकही म्हणाली नाहीं. "घेऊं दिलें नाहीं", "घेण्याचें धैर्य झालें नाहीं" असें मात्र दोघी-तिघी वीस-वीस वर्षांनीं म्हणाल्या आहेत.

आतां सासूबाईंविषयीं. प्रथम ऐकलें तेव्हां त्यांचे शब्द आम्हांस कठोर वाटले, व तसें आम्हीं सुनेजवळ बोलूनही दाखविलें. तें उतावळेपणाचें होतें. मागाहून कळलें कीं ह्या मुलाच्या बापाआधीं त्यांचीं दोन मुलें पाळण्यांतच गेलीं होतीं. त्या काळीं त्यांच्या गांवीं पेटी नव्हती, सिस्टर नव्हती. घोंगडी आणि शेगडी होती. (गडचिरोलींत डॉ. अभय व राणी बंग ह्यांनीं ३९ गांवांतून खेड्यांतल्याच बायांना नवजात मुलांची शुश्रूषा शिकवून किती मुलें वांचवितां येतात हें जगास दाखविलें, तें ह्यानंतर, १९९० च्या दशकांत.) ज्या घरांत मुलें टिकत नसत तेथें आपले वाडवडील नव्या मुलास दगडू, धोंडू, कचरू, भिका अशीं नांवें देत. दृष्ट लागूं नये, मृत्यूनें ह्याला कवडीमोल समजून पुढें जावें, ही त्यांतली समजूत. समजूत भोळी खरी. पण त्या बापड्यांनीं माया राखून ठेविली नव्हती, ती नुसती लपविली होती, आणि मुलाला नांव मात्र दिलें होतें. जीव लावूं नको म्हणणारी म्हातारी चार दिवस दारापासून हललीही नव्हती, हें आमच्या लक्षांत उशिरा आलें.

तेव्हां गांवाकडच्या मंडळींस एवढीच विनंति कीं फोनवर "वांचेल ना?" असें विचारूं नये. त्याचें उत्तर डॉक्टरांपाशींही नसतें. आज वजन किती भरलें, दूध किती पचलें, नांव काय ठेवणार, असें विचारावें. ह्यांचीं उत्तरें आईबापांजवळ असतात, आणि तीं देतांना मूल त्यांचेंच आहे हें त्यांस पुन्हां आठवतें.

हें लिहीत असतां तें मूल अजून आंतच आहे. सून आतां रोज दुपारीं त्याला टोपी घालून छातीशीं घेऊन बसते. तिला ताप होता त्या दोन दिवशीं सिस्टरनें विचारल्यावर सासूबाई बसल्या. ठरविलेलें नांव बापानें एका चिठ्ठीवर लिहून पेटीला चिकटविलें आहे. परवां आम्ही भेटीस गेलों तेव्हां सासूबाई बाहेरच्या बांकावर बसून गांवीं धाकट्या जावेशीं बोलत होत्या. "अगं, आमचा दगडू आज पंधरा ग्रॅम वाढला," असें सांगत होत्या, आणि पलीकडून नीट ऐकूं गेलें नाहीं म्हणून तेंच पुन्हां मोठ्यानें सांगत होत्या.